पिकअपची डिझेल टाकी आणि गेज युनिट बदलताना

काटा अर्ध्यावर आहे म्हणून बिनधास्त निघायचं आणि मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना राजूर घाटाच्या चढावर गाडी आचके देत बंद पडायची, हा अनुभव जुन्या पिकअपवाल्यांना नवा नाही. टाटा २०७ असो, जुनी बोलेरो पिकअप असो की मॅक्सीट्रक, दहा-बारा पावसाळे काढलेल्या गाडीचा डिझेल काटा खरं सांगेल याची खात्री राहत नाही. मग कुणी म्हणतं मीटर गेलं, कुणी म्हणतं फ्लोट गेला, कुणी थेट टाकीच बदला म्हणून सांगतं. हंगामात सोयाबीन-कापूस बाजार समितीत न्यायचा असतो, गाडी उभी ठेवणं परवडत नाही, म्हणून जो पहिला उपाय सुचेल तो केला जातो. त्यात पैसा जातो आणि दुखणं तसंच राहतं. टाकी खाली उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते एकदाच करायचं असेल तर आधी निदान पक्कं करा, आणि टाकी उतरवलीच तर तिच्यातलं आणि तिच्याभोवतीचं सगळं त्याच खेपेत उरकून घ्या.

सुरुवात झाकणापासून करा. गाडी चढावर ओढत नाही, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालते, अशी तक्रार असेल तर पुढच्या वेळी गाडी थांबताच टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद झाली आहे. डिझेल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. झाकणातलं किंवा ब्रीदर पाइपमधलं बारीक छिद्र धुळीने बुजलं की आत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. पत्रा जुना असेल तर टाकी आत चेपतेसुद्धा. हे काम झाकण बदलून किंवा पाइप फुंकून होतं. झाकण उघडल्यावर आवाज आला नाही, पण पाच-दहा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू होते, तर संशय टाकीतल्या उचल पाइपच्या जाळीवर घ्यायचा. तळाचा गंज आणि गाळ जाळीला चिकटतो, इंजिन बंद झालं की सुटून खाली बसतो, चालू झालं की पुन्हा चिकटतो. यासाठी टाकी उघडावीच लागते.

काट्याची तक्रार मात्र वेगळी तपासायची. टाकीतलं युनिट म्हणजे एक तरंगता फ्लोट, त्याची तार आणि त्या तारेच्या टोकाशी रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकणारी एक चिमुकली जीभ, एवढंच. फ्लोट वर-खाली झाला की रेझिस्टन्स बदलतो आणि मीटरमधला काटा त्याप्रमाणे फिरतो. हे सर्किट पुरं होतं ते आर्थिंगमुळे, आणि जुन्या गाड्यांत निम्म्याहून जास्त भानगड तिथेच असते असं मी ठामपणे सांगेन. टाकी रबरी पट्ट्यांवर बसलेली असते, वरून रंगाचे थर चढलेले असतात, त्यामुळे टाकीचं चासीशी नातं एका बारीक काळ्या वायरवर टिकून असतं. ती वायर गंजली की काटा हलतो, थरथरतो किंवा एका टोकाला जाऊन बसतो. गोदामात उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेली असण्याचीही शक्यता मोठी. म्हणून टाकीला हात लावण्याआधी एक जादा वायर घ्या, तिचं एक टोक युनिटच्या आर्थ टर्मिनलला आणि दुसरं चासीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टला लावा आणि काटा बघा. सुधारला तर टाकी तिथेच राहू द्या.

तरीही काटा हलला नाही तर मल्टिमीटर लागतो. युनिटचं सॉकेट काढा, युनिटच्या दोन टर्मिनलमधले ओहम मोजा, मग दहा लिटर डिझेल घालून पुन्हा मोजा. आकडा बदलला तर युनिट जिवंत आहे, दोष वायर किंवा मीटरमध्ये आहे. आकडा जागचा हललाच नाही, किंवा मल्टिमीटर काहीच दाखवत नाही, तर युनिट गेलं. काही वायरमन सॉकेटची वायर चासीला टेकवून काटा धावतो का ते बघतात. जुन्या काट्याच्या मीटरवर ही युक्ती क्षणभर चालते, पण वायर लगेच बाजूला घ्यायला हवी. इलेक्ट्रॉनिक क्लस्टर असलेल्या नंतरच्या गाड्यांवर हा प्रयोग मुळीच करू देऊ नका.

आता टाकीकडे येऊ. टाकी बदलायची वेळ दोन कारणांनी येते: गळती आणि आतला गंज. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दोन्हीला हातभार लावणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. काळी माती चिखल होऊन टाकीच्या पट्ट्यांखाली आणि सांध्यांत जाऊन बसते आणि पाऊस उघडून आठवडा झाला तरी आतून ओलीच असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागात, बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली जाते. ते मीठ सांध्यांत साचतं आणि पत्रा खातं. त्या भागातल्या गाडीमालकांनी निदान खालचा भाग तरी पावसाच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने धुवावा, विशेषतः पट्ट्यांच्या आत. आतला गंज येतो पाण्यामुळे. हंगाम संपल्यावर गाडी उभी राहते, टाकी अर्धी रिकामी असते, पावसाळ्याची दमट हवा आत शिरून थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. त्यात पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढून काळपट, चिकट साय धरते, ती वेगळीच. गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

गळती ओळखायला टाकीखाली वाकून बघा. जिथे डिझेल पाझरतं तिथे धूळ चिकटून काळा, ओलसर डाग तयार होतो. डाग पुसा, दोन दिवसांनी पुन्हा बघा. डाग वरच्या अंगाला, युनिटच्या भोवती असेल तर टाकी चांगली आहे, फक्त युनिटचं गॅस्केट गेलं आहे. पट्ट्याखाली किंवा तळाच्या सांध्यात असेल तर तिथला पत्रा संपत आला आहे. एम-सीलचा गोळा दाबून वेळ मारून नेता येते, पण ती गाडी गावापर्यंत न्यायची सोय. त्यावर पुढचा हंगाम काढू नका.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. गळकी डिझेल टाकी वेल्डिंगला नेऊ नका. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, म्हणून रिकामी केलेली टाकी निर्धोक, असा समज गॅरेजांमध्ये खोलवर रुजला आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत पत्र्याला चिकटलेल्या डिझेलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं, आणि स्फोटाला नेमकं तेच लागतं. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो अंश, किमान ३५ सेल्सिअस असावा लागतो. मलकापूर-नांदुऱ्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान याच्या पुष्कळ वर जातं. उन्हात पडलेला टाकीचा पत्रा त्याहून तापतो, आणि वेल्डिंगची ज्योत तर हजारो अंशांत बोलते. पाणी भरून वेल्डिंग करतात, सायलेन्सरचा धूर आत सोडून करतात, हे खरं आहे, आणि वर्षानुवर्षं ते करणारे कारागीरही आहेत. पण आतल्या कप्प्यांच्या कोपऱ्यात, सांध्याच्या दुमडीत किती डिझेल लपलं आहे हे कुणाला दिसत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तीही डिझेलचीच गाडी होती. अपघात वेगळा, कारणं वेगळी, पण डिझेल पेटत नाही असं म्हणणाऱ्याने ती रात्र आठवावी. टाकी फुटली तर टाकी बदला. कारागिराच्या जिवापुढे नव्या टाकीची किंमत मोठी नाही.

नवी टाकी घेताना तीन वाटा असतात. कंपनीची किंवा तिच्या तोडीची नवी, भंगार बाजारातली जुनी, आणि स्थानिक पत्रेवाल्याने बनवलेली. पहिली सगळ्यात बरी. बिल पार्ट नंबरसह घ्या. भंगारातली घ्यायची तर झाकणाच्या तोंडातून एलईडी टॉर्चने आत बघा. लायटर किंवा तापणारा जुना बल्ब तोंडाशी न्यायचा नाही. तळाला लाल पापुद्रे दिसले, किंवा टाकी हलवल्यावर आत खुळखुळ आवाज आला, तर ती तिथेच सोडून या. बाहेरून रंग नवा आणि आतून गंज अशा टाक्या बाजारात मुबलक असतात.

पत्रेवाल्याकडून बनवून घेतलेली टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात दोन उणिवा नेहमी राहतात. एक म्हणजे जीआय पत्रा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा पाण्याच्या टाकीला चांगला, डिझेलला वाईट. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो, तो फिल्टर आणि नोझलमध्ये जाऊन बसतो. दुसरी उणीव आतल्या आडव्या पडद्यांची. मूळ टाकीत आडवे पडदे असतात, त्यांना भोकं असतात. गाडी वळली, चढली, ब्रेक लागला तरी सगळं डिझेल एका टोकाला धावू नये म्हणून ते असतात. साध्या डब्यासारख्या टाकीत ते नसतात. मग टाकी पाव भरलेली असताना घाटात डिझेल मागे जातं, उचल पाइप उघडा पडतो, गाडी हवा घेते आणि बंद पडते. काटाही प्रत्येक वळणाला नाचतो. काही गाड्यांच्या घाटातल्या तक्रारीचं मूळ हेच असतं, आणि पंप खोलून काही निघत नाही ते यामुळेच.

युनिट घेताना टाकीपेक्षा जास्त जपा. भोकं जुळली म्हणजे युनिट जुळलं असं नसतं. प्रत्येक मीटरला ठरावीक ओहमचं युनिट लागतं, आणि ही मापं जगभर एकसारखी नाहीत. जुन्या अमेरिकी गाड्यांमध्ये एका कंपनीचं युनिट रिकाम्या टाकीला ० आणि भरल्यावर ९० ओहम दाखवायचं, तर दुसरीचं रिकाम्याला सुमारे ७३ आणि भरल्यावर १० च्या आसपास. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या सुट्या मीटरांसाठीचं युनिट रिकाम्याला २४०, भरल्यावर ३३. एकाचं युनिट दुसऱ्याच्या मीटरला लावलं की टाकी भरली की काटा रिकामा, किंवा पाव टाकीलाच फुल. आपल्याकडेही असंच होतं. म्हणून जुनं युनिट फेकण्याआधी फ्लोट हाताने अगदी खाली आणि अगदी वर नेऊन दोन्ही आकडे कागदावर लिहा, आणि दुकानात नव्या युनिटचे मोजून पडताळा. मल्टिमीटर सोबत नेला तर दुकानदार काही म्हणत नाही. तारेची लांबी आणि वाकही जुन्याशी ताडून पाहा, नाहीतर फ्लोट टाकीच्या आतल्या पडद्याला अडतो.

जुनं युनिट हातात आल्यावर नीट बघण्यासारखं असतं. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत 'डुबुक' असा आवाज आला तर त्यात डिझेल शिरलं आहे. असा फ्लोट बुडतो आणि टाकी भरलेली असतानाही काटा खाली पडतो. मग रेझिस्टन्सच्या पट्टीवर बोट न लावता नजर फिरवा. जिथे जीभ सर्वाधिक वेळ घासली गेली, बहुधा पाव ते निम्म्या टाकीच्या पट्ट्यात, तिथे बारीक चर पडलेली दिसते, कधी काळा डाग, कधी तार तुटलेली. गाडी नेहमी थोडंथोडं डिझेल घालून चालवली जाते, तेवढीच जागा झिजते. काटा ठरावीक ठिकाणी येऊन उडी मारतो त्याचं कारण हीच चर. ती जोडता येत नाही, युनिट बदलावंच लागतं.

आता प्रत्यक्ष काम. दोन-तीन दिवस आधीपासून डिझेल संपवत आणा. पन्नास लिटर डिझेलचं वजन चाळीस किलोच्या वर जातं, आणि आत हिंदकळणारं चाळीस किलो वजन जॅकवर पेलणं कठीण. गाडी सपाट, मोकळ्या, वारा असलेल्या जागी लावा, चाकांना पुढे-मागे ठोकळे द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. गाडी उचलायची असेल तर घोडीवर ठेवा, विटांवर किंवा दगडावर नाही. वीट वजनाखाली अचानक फुटते. जवळ विडी-सिगारेट नको आणि ग्राइंडर चालू असलेलं शेजारचं दुकानही नको. वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी असू द्या.

पाइप काढण्याआधी त्यांचा फोटो घ्या आणि प्रत्येकाला रंगीत चिकटपट्टी लावा: उचल, रिटर्न, ब्रीदर. उचल आणि रिटर्न उलटे लागले तर गाडी भरल्या टाकीवर चालते आणि डिझेल कमी झालं की बंद पडते. रिटर्नचा पाइप आत आखूड असतो. ही चूक सापडायला दिवस जातो. पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले असणारच. त्यांना आदल्या रात्री तेल मारून ठेवा, ज्योत दाखवून तापवू नका. टाकीखाली फळी ठेवून तिच्यावर जॅक लावा आणि हळूहळू उतरवा. वरच्या बाजूची वायर आणि पाइप अर्ध्यातच हाती येतात.

युनिट काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर ती सगळी आत जाते. युनिट गोल फिरणाऱ्या रिंगने बसलेलं असेल तर पितळी पट्टीने ठोका, लोखंडी छिन्नीने नाही. ठिणगी नको. स्क्रूने बसलेलं असेल तर भोकांची रचना बघा. बहुतेक युनिटची भोकं मुद्दाम असमान असतात, म्हणजे युनिट एकाच दिशेने बसतं. जबरदस्ती केली तर स्क्रूचे आटे जातात.

टाकी उतरवली की त्याच खेपेला उचल पाइपची जाळी, युनिटचं गॅस्केट, सगळे रबरी होज, क्लिपा, बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, पट्ट्यांखालचं रबर आणि डिझेल फिल्टर बदलून घ्या. होज डिझेलसाठीचाच हवा. पाण्याचा पाइप काही महिन्यांत मऊ होऊन फुगतो. गॅस्केटला सिलिकॉन लावू नका, ते डिझेलमध्ये सुटून जाळीत अडकतं. नवी टाकी बसवण्याआधी तिच्यात दोन लिटर स्वच्छ डिझेल घालून सगळीकडून खळखळून ओता. पत्र्याचे कण, धूळ यातच निघून जातात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला गंजरोधक रंगाचा जादा हात द्या आणि रबराखाली पाणी साचू नये याची काळजी घ्या. टाकी प्लास्टिकची असो वा पत्र्याची, युनिटपासून चासीपर्यंत स्वतंत्र आर्थ वायर ओढाच. हे पाच मिनिटांचं काम पुढची दुखणी टाळतं.

जोडल्यावर लगेच फुल करू नका. पाच लिटर घाला, सांधे पुसा, अर्धा तास थांबा, पुन्हा पुसून बघा. मग हवा काढा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागलं की स्क्रू कसायचा. सीआरडीआय गाडीत फक्त फिल्टरपर्यंतची हवा काढा. नोझलकडे जाणारे उच्च दाबाचे पाइप कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. अशी जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जायचं.

दुसऱ्या दिवशी पंपावर दहा-दहा लिटरने डिझेल घाला आणि प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते वहीत लिहा. टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने अर्धा काटा म्हणजे अर्धं डिझेल असेलच असं नाही. ही नोंद ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यात असू द्या, दुसरा कुणी गाडी घेऊन गेला तर त्यालाही कळेल. टाकी फुल झाल्यावर वरचा गॅस्केटचा भाग पुन्हा तपासा, वरची गळती तेव्हाच दिसते. फिल्टर काही शे किलोमीटरनंतर एकदा अजून बदला.

मोठी किंवा जादा टाकी बसवण्याचा मोह टाळा. टाकीची मूळ जागा ठरवताना धडक कुठून बसेल याचा विचार केलेला असतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या पिकअप गाड्यांच्या टाक्या चासीच्या बाहेरच्या अंगाला होत्या. बाजूने धडक बसून लागलेल्या आगींची प्रकरणं तिथे वर्षानुवर्षं कोर्टात चालली. आपल्याकडे गाडीच्या मूळ बनावटीतले फेरबदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतात. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी घ्यावं लागतं, तेव्हा आरटीओत आणि पुढे विम्याच्या दाव्यात ही जादा टाकी अडचणीची ठरू शकते.

जुन्या टाकीतून काढलेलं डिझेल बंद कॅनमध्ये दोन दिवस स्थिर ठेवा. वरचं स्वच्छ असेल तर बारीक कापडातून गाळून वापरता येईल. तळाचं पाणी-गाळ मात्र विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या. फुटकी टाकी भंगारात देताना ती डिझेलची आहे हे तोंडी सांगा आणि तिच्यावर ऑइलपेंटने ठळक लिहा. भंगारवाला माल बहुधा गॅस कटरने कापतो, आणि ती टाकी कुणाच्या हाती जाईल हे आपल्याला माहीत नसतं.